एल्मिरा: एका युद्धकैद्याच्या दोन नोंदी आणि एक कबर

न्यूयॉर्क राज्याच्या दक्षिण सीमेजवळ, शमंग नदीच्या काठी वसलेले एल्मिरा हे गाव प्रवाशांच्या यादीत सहसा नसते. अमेरिकेच्या यादवी युद्धात, जुलै १८६४ ते जुलै १८६५ या एका वर्षात, उत्तरेच्या सैन्याने येथे सुमारे बारा हजार कॉन्फेडरेट, म्हणजे फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांच्या सैन्यातले, युद्धकैदी ठेवले आणि त्यांपैकी तीन हजारांच्या आसपास, म्हणजे दर चौघांमागे एक, येथेच मरण पावले. न्यू जर्सीतील आमच्या शेजारी राहणाऱ्या एका वृद्ध बाईंचे खापरपणजोबा या मृतांत होते की नव्हते, एवढा एकच प्रश्न घेऊन त्या बाई आणि मी असे आम्ही दोघे तिकडे निघालो.

प्रश्न सरकारी कागदांतूनच निर्माण झाला होता. अमेरिकेच्या युद्धखात्याने १९०३ पासून कॉन्फेडरेट सैन्याचे हजेरीपट, रुग्णालयांची व तुरुंगांची रजिस्टरे यांतील प्रत्येक नोंद वेगळ्या कार्डावर उतरवून घेतली आणि एकेका सैनिकाची कार्डे एकेका लिफाफ्यात घातली. नावाचे स्पेलिंग किंवा पलटणीचा क्रमांक जुळला नाही की कारकून नवा लिफाफा उघडीत असे. बाईंच्या पूर्वजांचेही असे दोन लिफाफे निघाले. पहिल्यात नॉर्थ कॅरोलिनाची ३६ वी रेजिमेंट आणि १५ जानेवारी १८६५ रोजी त्याच राज्याच्या किनाऱ्यावरील फोर्ट फिशर या किल्ल्यात कैद, एवढ्यावर मजकूर थांबतो. दुसऱ्यात आडनावातले एक अक्षर वेगळे, पलटण ‘२ री नॉर्थ कॅरोलिना’, आणि फेब्रुवारीत कैद्यांच्या अदलाबदलीसाठी एल्मिराहून रवाना झाल्याचा शेरा. घरातली समजूत या शेऱ्याशी जुळणारी होती: खापरपणजोबा सुटले आणि घरी परतताना वाटेत कुठेतरी वारले.

वाटेत पेनसिल्व्हेनियातील शोहोला येथे थोडे थांबलो. १५ जुलै १८६४ रोजी युद्धकैद्यांना एल्मिराला नेणारी आगगाडी तेथे कोळशाच्या मालगाडीवर समोरासमोर आदळली आणि कैदी व पहारेकरी मिळून साठांहून अधिक माणसे मेली. आमच्या शोधाशी या अपघाताचा थेट संबंध नव्हता. परंतु रवानगीच्या यादीत नाव असणे आणि माणूस मुक्कामाला पोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या रुळांजवळ उभे राहिल्यावर फार स्पष्ट कळते.

एल्मिरात छावणीच्या जागी आज घरांची वस्ती आहे. आतल्या साचलेल्या तळ्याची दुर्गंधी, हगवण, न्यूमोनिया, देवी आणि दक्षिणेतल्या उबदार मुलखातून आलेल्या माणसांना न सोसणारी थंडी, अशी मृत्यूची कारणे सांगितली जातात. फोर्ट फिशरचे कैदी तर भर हिवाळ्यात येथे पोचले. पोटभर अन्न आणि पुरेशी पांघरुणे मिळाली असती तर यांतले कितीतरी जण वाचले असते, असे मला वाटते.

मृतांना वुडलॉन दफनभूमीत नेत. त्यांच्या दफनाचे काम जॉन डब्ल्यू. जोन्स यांच्याकडे होते. १८१७ साली व्हर्जिनियात गुलामीत जन्मलेले जोन्स १८४४ मध्ये पळून एल्मिराला आले आणि पुढे शेकडो पळालेल्या गुलामांना त्यांनी आसरा दिला. ज्या व्यवस्थेतून ते निसटले होते तीच टिकवण्यासाठी लढलेल्या सैनिकांना त्यांनी प्रत्येकी अडीच डॉलर मेहनतान्यावर मूठमाती दिली, आणि प्रत्येकाचे नाव, कंपनी, पलटण, मृत्यूची तारीख व कबरीचा क्रमांक इतक्या काळजीने लिहून ठेवला की अनोळखी कबरी जेमतेम सात राहिल्या. अमेरिकेतील गुलामगिरी नष्ट करणाऱ्यांना १८७३ साली आपला ग्रंथ अर्पण करणाऱ्या जोतीराव फुल्यांच्या महाराष्ट्रातून आलेल्या माणसाने जोन्स यांच्या घरी, आज तेथे संग्रहालय आहे, जायलाच हवे.

लाकडी पाट्यांच्या जागी १९०७ मध्ये बसवलेले टोकदार माथ्याचे संगमरवरी दगड वुडलॉनमध्ये ओळीने उभे आहेत. वर क्रमांक, खाली नाव, कंपनी, पलटण; तारीख मात्र नाही. आमचा दगड झिजलेला होता. बाईंनी सोबत आणलेला हातआरसा दगडाच्या कडेला तिरका धरला, उन्हाची तिरीप अक्षरांवरून आडवी गेली आणि खाचांत सावली भरून नाव उमटले. ते दुसऱ्या लिफाफ्यातल्या स्पेलिंगचे होते आणि पलटण ‘२’. दफनाच्या यादीत याच क्रमांकापुढे मार्च १८६५ ची तारीख आहे.

मग ३६ वी आणि २ री यांचा मेळ कसा घालायचा? नॉर्थ कॅरोलिनाच्या तोफखान्याच्या काही पलटणींना दोन क्रमांक होते. ३६ वी रेजिमेंट म्हणजेच राज्याच्या तोफखान्याची दुसरी रेजिमेंट. ‘तोफखाना’ हा शब्द गाळून कोणी नुसते ‘दुसरी’ लिहिले की तो माणूस पायदळाच्या दुसऱ्या रेजिमेंटचा ठरतो. ती पायदळाची पलटण मात्र व्हर्जिनियात लढत होती. फोर्ट फिशरला ती नव्हतीच. दोन्ही लिफाफ्यांत कंपनीचे अक्षर एकच, कैद होण्याचे ठिकाण एकच आणि दिवसही एकच आहे. माणूस एकच, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही.

राहिला सुटकेचा शेरा. तो छावणीतून निघायच्या यादीवरून उतरवलेला आहे. पलीकडे, व्हर्जिनियात अदलाबदलीच्या ठिकाणी जेम्स नदीवर, दक्षिणेच्या सैन्याने त्यांना ताब्यात घेतल्याची किंवा दक्षिणेची राजधानी रिचमंड येथील रुग्णालयात दाखल केल्याची एकही नोंद कार्डांत नाही. यादीत नाव चढूनही ऐनवेळी माणूस प्रवासाला न झेपण्याइतका आजारी असू शकतो. शिवाय यादी करणाऱ्याला संख्या जुळवायची होती, जोन्स यांना समोर आलेले प्रेत ओळखून पुरायचे होते. माणसाच्या सर्वांत जवळ लिहिलेली नोंद मी अधिक विश्वासाची मानतो आणि म्हणून मार्चची तारीख स्वीकारतो.

बाईंना हे पटले, तरी घरची समजूत त्यांना खोडायची नव्हती. शेरा कोणीतरी घरी कळवला असेल आणि त्यावरूनच सगळे वाट पाहत राहिले असतील, असे त्या म्हणाल्या. वंशावळीत त्यांनी मृत्यूचे ठिकाण एल्मिरा असे लिहिले आणि सुटकेची नोंद कारणासह खाली टिपून ठेवली. ही राष्ट्रीय दफनभूमी माजी सैनिक व्यवहार खात्याकडे आहे. दगडावरील पलटण दुरुस्त व्हावी म्हणून त्या खात्याला पाठवायच्या अर्जाला आम्ही दोन्ही लिफाफ्यांच्या प्रती जोडल्या आहेत.