गळके घर आणि भाडेकरूची भीड

इंदूरमध्ये राजवाड्याच्या आसपास किंवा रामबागेतल्या जुन्या घरांत राहणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांचा भाड्याचा व्यवहार पुष्कळदा ओळखीतून ठरतो. त्यामुळे पावसाळ्यात छत गळू लागले आणि भिंतींचे पोपडे पडू लागले, तरी घरमालक असलेल्या काकांना वाईट वाटेल म्हणून भाडेकरू वर्षानुवर्षे गप्प राहतात. ही भीड मला समजते, पण ओल धरलेल्या भिंतीतून विजेची तार जात असेल, तर प्रश्न भिडेचा राहत नाही, जिवाचा होतो.

मध्य प्रदेशच्या १९६१ च्या स्थान नियंत्रण अधिनियमानुसार, म्हणजे भाड्याच्या जागांविषयीच्या कायद्यानुसार, घर राहण्याजोगे ठेवण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. जी दुरुस्ती त्याच्यावर बंधनकारक आहे, ती सूचना मिळाल्यावरही त्याने वाजवी मुदतीत केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून घेऊन खर्च भाड्यातून वळता करू शकतो, हे तत्त्व १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ मध्येही आहे. येथे ‘सूचना’ महत्त्वाची आहे. जिन्यात उभ्याने केलेली तक्रार पुढे सिद्ध करता येत नाही. म्हणून गळतीची छायाचित्रे आणि गवंड्याचा खर्चाचा अंदाज जोडून पत्र स्पीड पोस्टाने पाठवावे व पोचपावती जपून ठेवावी. पत्राची भाषा नम्र असली, तर संबंधही बिघडण्याचे कारण नाही.

संतापाच्या भरात भाडे देणे मात्र मुळीच थांबवू नये. थकबाकीच्या मागणीची नोटीस मिळाल्यापासून दोन महिन्यांत पूर्ण रक्कम दिली नाही, तर १९६१ च्या अधिनियमाच्या कलम १२ प्रमाणे घर खाली करून मागण्याचा आधार घरमालकाला मिळतो, आणि ज्याची तक्रार न्याय्य होती तोच कसूरदार ठरतो. घरमालक भाडे घेण्यास नकार देत असेल, तर ते मनीऑर्डरने पाठवावे.

नवा करार करणाऱ्यांनी केंद्राचा २०२१ चा आदर्श भाडेकरू कायदा अवश्य पाहावा. राज्याने स्वीकारल्याखेरीज तो लागू होत नाही, तरी त्यातील कामांची वाटणी मला अतिशय योग्य वाटते: रंगसफेदी, नळाचे पाइप आणि विजेचे वायरिंग घरमालकाकडे, नळाचा वायसर, स्विच आणि मोरीची सफाई भाडेकरूकडे. हीच वाटणी अकरा महिन्यांच्या करारात, सही करण्यापूर्वी, शब्दशः लिहून घेता येते.