डिस्ने वर्ल्डमधल्या निवांत वाटा : वहीतली ताजी नोंद

फ्लोरिडाच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये शांतपणे चालायला जातो म्हटलं की लोक आधी हसतात. पण आवार केवढं आहे ते बघा: साधारण 100 चौरस किलोमीटर. त्यात चार पार्क आणि दोन डझनांहून जास्त हॉटेलं असली, तरी बरीचशी जमीन अजून रान, दलदल आणि तळी अशीच आहे. गर्दी असते ती ठरावीक पट्ट्यांत, आणि ते पट्टे कुठले हे ओळखायला लागलं की निम्मं काम होतं.

बराच काळ चालून मी एक आडाखा बांधलाय. नकाशावर आडबाजूचा कोपरा शोधण्यात वेळ घालवू नका. जिथे पायवाटेच्या जोडीनेच फुकटची बोट किंवा तारेवरून सरकणारा पाळणा जातो, ती वाट धरा. फुकट बसायला मिळत असताना दोन किलोमीटर चालणारे आपल्यासारखे थोडेच!

याचा सगळ्यात पक्का पुरावा म्हणजे एपकॉटचं मागचं दार (इंटरनॅशनल गेटवे) ते हॉलीवूड स्टुडिओज. बोर्डवॉक हॉटेलाच्या पुढे वाट कालव्याच्या काठाने निघते. पाण्यातून फ्रेंडशिप बोटी जातात, आणि 2019 पासून याच दोन पार्कांमध्ये स्कायलायनरचे पाळणेही आहेत. त्यामुळे वाटेवर सकाळी पळणारे चार-दोन जण, बाकी सामसूम. रमतगमत अर्धा तास धरा. सावली तुटक आहे, म्हणून उन्हाळ्यात नऊच्या आत उरकावं. कठड्यावर बारके तपकिरी सरडे असतात. जवळ जाऊन थांबलं तर नर गळ्याखालची नारिंगी-लाल झालर फुगवतो, दोन-तीन जोर काढल्यासारखं करतो आणि झालर मिटून घेतो. या कार्यक्रमाला रांग नाही.

आडाख्याला अपवाद आहे, तोही वेळेवर अवलंबून. जून ते सप्टेंबर दुपारी गडगडाट सुरू झाला, विजा जवळ आल्या की बोटी आणि पाळणे दोन्ही थांबवतात. मग तीच निवांत वाट माणसांनी भरून वाहते, बाबागाड्यांसकट. अर्थात विजा चमकत असताना आपणही तिथे असू नये.

आता सेव्हन सीज लगून या तळ्याकडची प्रगती. 2020 मध्ये ग्रँड फ्लोरिडियन हॉटेल ते मॅजिक किंगडम पार्क ही पायवाट खुली झाली आणि आमच्या छंदाला मोठाच आधार मिळाला. मधल्या कालव्यावरचा पूल मोठी नाव जायची असेल तर आख्खा बाजूला वळतो. त्यामुळे आता कंटेम्पररी हॉटेल, मॅजिक किंगडमचं दार, ग्रँड फ्लोरिडियन, पॉलिनेशियन हॉटेल आणि तिथून तिकीट केंद्राचा मोनोरेल थांबा, एवढं सलग पायी होतं. त्यातला ग्रँड फ्लोरिडियन ते पॉलिनेशियन हा तुकडा मला सर्वांत आवडतो. डोक्यावरून मोनोरेल जाते, खाली आपण एकटे. कंटेम्पररी ते मॅजिक किंगडम मात्र निवांत नाही. तिथे मोनोरेलची वाट पाहण्यापेक्षा चालणं लवकर होतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. माझा आडाखा याही बाजूने खराच ठरतो म्हणायचा.

तळ्याची प्रदक्षिणा काही पुरी होत नाही. तिकीट केंद्र आणि कंटेम्पररी यांच्यामध्ये पायवाटच नाही. तिथे हे तळं आणि शेजारचं बे लेक यांना जोडणारा कालवा चक्क रस्त्याच्या वरून नेलाय: खालून मोटारी, वरून बोटी. बघायला भारी, चालायला बंद.

फोर्ट वाइल्डरनेस ही तंबूंची छावणी ते वाइल्डरनेस लॉज हे हॉटेल, ही वाट वेगळ्याच जातीची. पाइन आणि सायप्रसची झाडी, खाली करवती देठांची बुटकी पाल्मेटो, आणि मुख्य म्हणजे गाणी नाहीत. डिस्नेत झुडपांत, दगडांत स्पीकर दडवलेले असतात, त्यामुळे माणसं नसली तरी सूर पाठ सोडत नाहीत. इथे सुटतात. पहाटे हरणं दिसू शकतात, रानटर्कीही. 1970 च्या दशकात फोर्ट वाइल्डरनेसमध्ये छोटी वाफेची आगगाडी धावायची. तिच्या खुणा शोधत फिरणारे आपले भाईबंद वेगळे, त्यांच्या नादाला मी अजून लागलेलो नाही. इथेही दोन्ही टोकांना बोट आहेच.

पाण्याच्या अगदी कडेला मात्र कुठेही जाऊ नका. 2016 नंतर काठाने दगडांचा बांध घातलाय आणि मगरींच्या सूचना लावल्यात, त्या उगाच नाहीत.

पार्काच्या आतलं थोडक्यात. एपकॉटमध्ये वर्ल्ड शोकेसची, म्हणजे वेगवेगळ्या देशांच्या पॅव्हेलियनची फेरी सुमारे 1.9 किलोमीटरची आहे, पण शांतता हवी तर कडेचा रस्ता सोडून पॅव्हेलियनच्या पोटात शिरा. मोरोक्कोच्या गल्ल्यांत भर दुपारीही भिंतींवरच्या फरशा सावकाश पाहता येतात. ते काम करायला खुद्द तिथल्या राजाने कारागीर पाठवले होते. जपानच्या बागेत पायऱ्या चढून गेलं की खालचा गलका निम्म्याने कमी होतो. अ‍ॅनिमल किंगडममध्ये ट्री ऑफ लाइफच्या पायथ्याशी फिरणाऱ्या पायवाटा आहेत. लोक झाडाचा फोटो काढून पुढच्या राइडकडे पळतात, वाट आपल्याला मोकळी.

हॉटेलांच्या वाटांना पार्कचं तिकीट लागत नाही. मोटार कुठे लावायची हा प्रश्न असतो, त्यापेक्षा बसने गेलेलं सोपं.

पुढचा टप्पा ओल्ड की वेस्ट हॉटेलाकडून सॅराटोगा स्प्रिंग्ज हॉटेलमार्गे डिस्ने स्प्रिंग्ज हा बाजार. नदीकाठची वाट आहे, बोटही आहे, म्हणजे आडाख्याप्रमाणे मोकळी मिळायला हवी. पण तिकडची गर्दी पार्कवाली नाही, संध्याकाळी जेवायला आणि खरेदीला येणारी आहे. त्यामुळे तीच वाट एकदा सकाळी आणि एकदा दिवेलागणीला चालून बघणार आहे.