तुम्ही विचारलंत म्हणून : कोरी पाटी किती वर्षं कोरी राहते?

"अंटार्क्टिकाच्या त्या गारठ्यात समुद्राच्या तळाशी काही चिकटायला, वाढायला किती दिवस लागतात हो?" हा प्रश्न मला वर्गात येतो, लग्नाच्या पंगतीत येतो, एकदा वास्कोच्या मासळी बाजारातही आला. वास्कोत ध्रुवीय संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र आहे, त्यामुळे अंटार्क्टिका हा शब्द इथल्या लोकांना नवा नाही. मी आजवर घाईत "खूप हळू" एवढंच सांगत आले. ते उत्तर अपुरं होतं. तुम्ही पुन्हा विचारलंत म्हणून आज नीट सांगते.

आधी आपल्याकडचं. एमएस्सीला असताना आम्ही झुआरीच्या मुखाशी नायलॉनच्या दोरीला प्लास्टिकच्या पाट्या बांधून पाण्यात सोडल्या होत्या. दोन दिवसांनी बोट फिरवलं की बुळबुळीत लागायचं; तो जिवाणूंचा थर. आठवडा उलटला की टाचणीच्या डोक्याएवढे पांढरे ठिपके, म्हणजे बार्नॅकल, खडकांना आणि बोटींना चिकटणारे कवचवाले प्राणी. भिंगाखाली बसायला आलेली अळी सापडली तर मी तासभर हलत नसे. पुढच्या दोन स्पर्शिकांवर ती पाटीवर चक्क चालते, इथे चाचपते, तिथे चाचपते, नको वाटलं तर पुढे जाते. एकदा जागा पसंत पडली की डोक्याकडून स्वतःला डकवते आणि जन्मभर तिथून हलत नाही. महिन्याभरात पाटी दिसेनाशी व्हायची. खरवडताना बोटं सोलून निघायची.

आता अंटार्क्टिकाच्या रॉस समुद्राचा दक्षिण कोपरा, मॅकमर्डो साउंड. पाणी उणे 1.9 अंशांच्या आसपास. खारं म्हणून गोठत नाही इतकंच. इथेही सुरुवात जिवाणूंच्या थरानेच होते आणि मग अळ्या येतात. पण अळीचं बालपण लांबतं. आपल्या बार्नॅकलची अळी साधारण आठवड्याभरात बसायला तयार होते. तिथल्या स्टेरेकायनस या सी-अर्चिनच्या, म्हणजे काटेरी गोळ्यासारख्या प्राण्याच्या, अळीला तळाशी उतरायला सुमारे 115 दिवस लागतात. त्यात बर्फ खालूनही धरतो. उथळ तळावर, जवळपास 30 मीटर खोलीपर्यंत, दगडांवर बर्फाच्या पापुद्र्यांचे झुबके वाढतात आणि सुटून वर जाताना चिकटलेले प्राणी उपटून नेतात. म्हणून वरचे 15 मीटर उघडेबोडके दिसतात. बर्फाचा हात पोचत नाही तिथे खाली स्पंजांची, म्हणजे तळाला चिकटून राहणाऱ्या सच्छिद्र प्राण्यांची, दाटी असते. त्यांतला सगळ्यांत मोठा अ‍ॅनॉक्सीकॅलिक्स जूबिनी. सांगाडा सिलिकाच्या, म्हणजे काचेच्याच सुयांचा. उंची दोन मीटरांवर जाते. माणूस आत उभा राहील एवढा.

पॉल डेटन या अमेरिकन संशोधकाने 1967 ते 1975 या काळात तिथल्या तळावर निरनिराळ्या जागी पाट्या आणि चौकटी ठेवल्या. हेतू आमच्यासारखाच: कोण येतं, कधी येतं. 22 वर्षांत जूबिनीचं एकही पिल्लू त्यांवर बसलेलं दिसलं नाही. आजूबाजूला महाकाय स्पंज उभे आणि पाटी कोरी. मग 2004 मध्ये आणि पुन्हा 2010 मध्ये पाहिलं तर काही पाट्यांवर जूबिनी नुसता बसलेला नव्हता, चांगला मोठा झालेला होता. शेजारच्या काही पाट्या मात्र तशाच.

मधल्या काळात काय झालं? मार्च 2000 मध्ये रॉस हिममंचापासून, म्हणजे जमिनीला जोडलेल्या आणि समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाच्या जाड थरापासून, बी-15 नावाचा हिमखंड सुटला, सुमारे 11,000 चौरस किलोमीटरचा. त्याने समुद्रावरचा बर्फ अडवला, खाली पोचणारा उजेड घटला, तरंगत्या वनस्पतींचं पीक बदललं, म्हणजे तळाशी झिरपणारं अन्नही बदललं. संशोधकांनी स्पंजांच्या या एकाच बहराचा संबंध त्याच्याशी लावला आहे. आणि मला चटका लावणारी गोष्ट पुढे आहे: ज्या थोराड स्पंजांवर 40 वर्षं लक्ष ठेवलं होतं, ते जवळजवळ सगळे मेले.

तेव्हा "थंडीत सगळं मंद" हे अर्धंच खरं. रोथेरा या ब्रिटिश तळाजवळ पाट्याच विजेने तापवून पाहिल्या. पाणी फक्त 1 अंशाने गरम झालं तर एका ब्रायोझोआने, शेवाळासारख्या दिसणाऱ्या वसाहती प्राण्याने, जवळपास दुप्पट वेगाने वाढून पाटी काबीज केली. म्हणजे तिथे वर्षानुवर्षं काहीच घडत नाही आणि मग एका हंगामात सगळं घडून जातं. "किती दिवस" याचं सरासरी उत्तर काढलं तर ते कुठल्याच वर्षाला लागू पडणार नाही.

22 वर्षांनी कंटाळून कोणी डेटनच्या त्या पाट्या उचलून आणल्या असत्या, तर या स्पंजाची पिल्लं तिथे रुजतच नाहीत असं आम्ही विद्यार्थ्यांना शिकवत बसलो असतो. आमच्या झुआरीतल्या पाट्या आम्ही तीन महिन्यांनी काढल्या होत्या. प्रबंध द्यायची तारीख आली होती.