आधी हात दाखवा

"ताई, सेकंडहँड पिस्तूल बघालोय, कुठलं घेऊ?" हा प्रश्न मला बँकेच्या काउंटरवर विचारून झालाय, लग्नाच्या पंगतीत विचारून झालाय, आणि सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत फुगे फोडायच्या स्टॉलसमोर उभी असतानाही विचारून झालाय. मी काही मोठी खेळाडू नाही. दहा मीटर एअर पिस्तूल, म्हणजे हवेच्या दाबावर चालणाऱ्या पिस्तुलानं दहा मीटरवर नेम धरणं, हा माझा छंद. बँक सुटली की ओळखीतल्या एकांच्या बंद यंत्रमागाच्या शेडमध्ये आम्ही काहीजण तासभर सराव करतो. माग भंगारात गेले, शेड लांबलचक उरली, एका टोकाला पेलेट, म्हणजे शिशाची बारकी गोळी, अडवणारी पोलादी पेटी आणि दिवा लावला की झाली रेंज. पण सोलापुरात या गोष्टीबद्दल विचारायला माणसं कमी, म्हणून प्रश्न माझ्यापर्यंत येतात. सगळेच विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी एक घोळ मिटवू. विचारणाऱ्यांतल्या निम्म्यांच्या डोक्यात बत्तीस बोअरचं रिव्हॉल्वर असतं. त्याला १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो. शहरात पोलीस आयुक्त, तालुक्याच्या गावी असाल तर जिल्हाधिकारी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवान्यावर साधारण माणसाला दोनच हत्यारं. एका परवानाधारकानं दुसऱ्याला विकायचं तर आधी लेखी कळवायचं, त्यानंतर किमान ४५ दिवस थांबायचं. निवडणुकीची आचारसंहिता लागली की पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात, ते वेगळंच. शिवाय परदेशी हत्यारांची सर्वसामान्यांसाठीची आयात १९८० च्या दशकातच बंद झाल्यामुळे आजोबांच्या काळातल्या वेब्ली-स्कॉट या ब्रिटिश रिव्हॉल्वरला आज लाखांत भाव सांगतात. तो खेळाचा भाव नाही, दुर्मीळ वस्तूचा भाव आहे. छंदासाठी म्हणून त्या वाटेला जाऊ नका, एवढंच मी सांगते आणि विषय बदलते.

खेळायचंय तर एअर पिस्तूल. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या बोअरची (नळीच्या आतल्या व्यासाची) आणि २० ज्यूलपर्यंत ताकद असलेली हवेची बंदूक किंवा पिस्तूल ठेवायला परवाना लागत नाही. स्पर्धेचं पिस्तूल अर्ध्या ग्रॅमचं पेलेट सेकंदाला दीडशे मीटरच्या आसपास फेकतं, म्हणजे पाच-सहा ज्यूल. मर्यादेच्या बरंच आत. पण लांबून बघणाऱ्याला ज्यूल दिसत नाहीत, पिस्तूल दिसतं. त्यामुळे नेहमी बंद पेटीत, बिल आणि ओळखपत्रासोबत. स्कूटरच्या डिकीत सुटं टाकून सात रस्ता चौकातून जायची हौस असेल तर मला काही विचारू नका.

नवं परदेशी पिस्तूल, म्हणजे स्टायर, मोरिनी, वॉल्थर, फाइनवेर्कबाउ, परदीनी यांपैकी कुठलंही, दीड-दोन लाखांच्या घरात जातं. पगारदार माणूस छंदावर एवढे घालत नाही, आणि घालूही नयेत. जुनं घ्यावं, आणि जुनं भरपूर मिळतं. कारण सांगते. आठवी-नववीत मुलाला नेमबाजीची आवड लागते. २०२४ च्या जुलैमध्ये पॅरिस ऑलिंपिकला मनू भाकरची दोन कांस्यं झाली होती, पाठोपाठ कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेचं एक आलं, तेव्हा तर घरोघरी लागली. वडील कर्ज काढून पिस्तूल घेतात. मग येते अकरावी, क्लास, नीट नाहीतर जेईई, आणि पिस्तूल कपाटावर चढतं. पोरगं हॉस्टेलला गेलं की आई म्हणते, "काढून टाका ते एकदाचं." अशी पिस्तुलं मला सगळ्यात आवडतात. फार चाललेली नसतात, पेटीतल्या सगळ्या किल्ल्या जागेवर असतात, कारखान्याचं टेस्ट कार्डसुद्धा सापडतं. विकणारा खोटं बोलत नाही, त्याला फक्त वाईट वाटत असतं. उलट जो सांगतो, "मॉडेल बदलतोय, हे एकदम ओके आहे", त्याच्याकडे जरा जास्त वेळ बसा.

आता मुख्य गोष्ट, आणि इथंच लोक माझं ऐकत नाहीत. सगळे विचारतात कंपनी कुठली, मॉडेल कुठलं. मी म्हणते, हात दाखवा.

स्पर्धेच्या पिस्तुलाची मूठ, म्हणजे ग्रिप, अक्रोडाच्या लाकडाची असते आणि ती चपलेच्या मापासारखी येते: एस, एम, एल. त्यातही उजव्या हाताची वेगळी, डाव्याची वेगळी. तळहाताखाली वरखाली सरकणारी एक फळी असते, ती हात खालून पकडून ठेवते. बाजारात येणारी बहुतेक जुनी पिस्तुलं एम नाहीतर एल. माझा हात लहान. एल ग्रिप धरली की ट्रिगरपर्यंत बोटाचं नुसतं टोक पोचतं, मग मी मूठ फिरवून घेते, आणि मूठ फिरली की गोळी नवाच्या बाहेर. दहा मीटरवर दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं असतं. एवढ्याशा जागेत कंपनीचं नाव आडवं येत नाही, अंगठ्याखालची पोकळी येते.

त्यात आधीच्या मालकानं ग्रिप स्वतःच्या हाताला घडवलेली असते. एकदा विजापूर रोडवर एका घरी स्टायरचं एलपी टेन बघायला गेले होते. लाकडावर मधल्या बोटाच्या जागी कानशीनं खोलवर घासलेलं, तळव्याच्या बाजूला एमसीलचा राखाडी उंचवटा, त्यावर घामानं काळं पडलेलं आणि अंगठ्याचा ठसासुद्धा उमटलेला. त्या मुलाचा हात जसाच्या तसा त्या लाकडात होता. पिस्तूल उत्तम, पण माझा हात त्यात शिरेना. एमसील खरवडून काढता येतो. घासलेलं लाकूड परत येत नाही. अशा वेळी नवी ग्रिप मागवावी लागेल हे धरूनच भाव बोलायचा, नाहीतर चहा पिऊन उठायचं.

परीक्षा सोपी आहे. नळी रिकामी आहे ना हे स्वतः डोळ्यांनी बघा. विकणाऱ्यानं सांगितलं म्हणून मानू नका, तो कितीही सज्जन असू दे. लक्ष्याच्या दिशेनं उभं राहून मूठ धरा, डोळे मिटा, हात वर उचला, दोन श्वास घ्या आणि डोळे उघडा. नेम धरायच्या मागच्या खाचेच्या मधोमध पुढचं टोक दिसायला हवं. डावीकडे किंवा उजवीकडे गेलं असेल तर ग्रिप थोडी फिरवता येते का, फळी सरकते का, ते बघा. चार-पाच वेळा केलं आणि दर वेळी टोक वेगळीकडेच, तर ते पिस्तूल तुमचं नाही. त्यावर कुठला ऑलिंपिकवीर खेळला असला तरी नाही.

हात जमला की सिलिंडर. नळीखालचा तो लांब डबा. त्यात २०० बार दाबानं हवा भरलेली असते, आणि त्यावर तारीख कोरलेली असते. ॲल्युमिनियमच्या सिलिंडरचं आयुष्य कारखाना साधारण दहा वर्षं सांगतो. मुदतीतलं सिलिंडर वापरणं ही खेळाडूची जबाबदारी, असं आंतरराष्ट्रीय नियमातच आहे. मुलानं आठवीत घेतलेलं पिस्तूल तो इंजिनिअर होऊन पुण्याला लागल्यावर विकायला निघालं, तर सिलिंडर जवळजवळ संपलेलं असणार. एका विक्रेत्यानं नेमका तारखेवर क्लबचा स्टिकर चिकटवलेला मी पाहिलाय. नखानं काढून बघायचं, लाजायचं नाही. गळती बघायला गेजवरचा आकडा रात्री लिहून ठेवायचा आणि सकाळी परत बघायचा. एका रात्रीचा उसना वेळ विक्रेता देत नसेल तर कारण तुम्हाला कळलंच.

आणि हवा भरणार कुठं? हे सोलापूरकरानं पुण्यावाल्यापेक्षा आधी विचारायला हवं. तिकडे बालेवाडीला रेंज आहे, भरायची सोय आहे. इथं पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर आठ-दहा बार येतात, त्यात काही होत नाही. एकतर डायव्हिंगची मोठी टाकी भरून आणून ठेवायची, नाहीतर तीन टप्प्यांचा हातपंप घ्यायचा. पंपानं भरताना मे महिन्यात काय होतं ते मी सांगायला नको. एमआयडीसीतला कुणीतरी हमखास म्हणतो, "वेल्डिंगचा ऑक्सिजन भरू की, दाब तेवढाच असतो." अजिबात नाही. आत तेल-ग्रीसचा अंश असला आणि दाबाखाली ऑक्सिजन गेला की पेट घेतो, सिलिंडर फुटतं. यात "बघू एकदा" नाही. तसंच भरलेलं सिलिंडर उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. २० अंशाला २०० बार असलेला दाब ६० अंशाला सव्वादोनशेच्या वर जातो, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात बंद गाडीची डिकी किती तापते हे तुम्हाला माहीत आहे.

म्हणूनच, स्पर्धा डोक्यात नसेल तर मी लोकांना रशियन बनावटीचं बायकल आयझेडएच ४६ एम शोधायला सांगते. दिसायला ओबडधोबड. नळीखाली एक लांब दांडा असतो, तो उघडून मिटला की एका गोळीपुरती हवा दाबली जाते. सिलिंडर नाही, टाकी नाही, तारीख नाही. सील गेलं तर बदलायचं. साठ गोळ्या मारेपर्यंत खांदा बोलायला लागतो हे खरं, पण स्पर्धेतल्यासारखी सव्वा तासाची घाई आपल्याला कुठं आहे? मी सुरुवात त्यावरच केली आणि ते अजून घरात आहे.

ट्रिगरचं वजन किमान ५०० ग्रॅम लागतं. ते तपासायला खास उपकरण असतं, पण आमच्या शेडमध्ये किराणा दुकानातलं अर्ध्या किलोचं लोखंडी वजन तारेनं बांधून ठेवलंय. पिस्तूल कॉक करायचं, म्हणजे झाडायला तयार ठेवायचं, नळी सरळ आभाळाकडे, वजन ट्रिगरला अडकवायचं आणि हळूच उचलायचं. उचलता उचलता सुटलं तर ट्रिगर हलका, वाढवावा लागेल. वाढवणारा स्क्रू फिरतो का तेही लगेच बघा, पोरांनी त्याचं डोकं घासून ठेवलेलं असतं. मोरिनीसारख्या इलेक्ट्रॉनिक ट्रिगरचं प्रकरण वेगळं. चालतो तेव्हा लोण्यासारखा, बिघडला की इथं हात लावायला कुणी नाही. २०२१ मध्ये टोकियोत मनू भाकरचं पिस्तूल ऐन पात्रता फेरीत बिघडलं, दुरुस्तीत वेळ गेला आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. तिच्यासोबत अख्खा संघ होता. सोलापुरात आपल्यासोबत मोबाइल रिपेअरवाला असतो. छंदाला मेकॅनिकल ट्रिगर बरा.

नळीत टॉर्च मारून बघणारे पुष्कळ. बघा, मन शांत होतं. पण शिशाचं पेलेट मऊ असतं, त्यानं नळी सहसा झिजत नाही. त्यापेक्षा टेबलावर उशी ठेवून, हात टेकवून दहा मीटरवरून पाच गोळ्या मारा. पाचही एकमेकींत गेल्या पाहिजेत, कागदावर जवळजवळ एकच भोक दिसलं पाहिजे. आधी पेलेटचा ब्रँड बदलून बघा, मग पिस्तुलाला नावं ठेवा.

कागद मात्र सगळे घ्या. मूळ बिल, पिस्तुलावरचा नंबर बिलाशी जुळवून, दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रतींसह साध्या कागदावर विक्रीची नोंद. बिल हरवलंय म्हणणाऱ्याला शोधायला वेळ द्या, सापडलं तर घ्या. भावाबाबत माझा हिशेब असा: आजच्या नव्याच्या निम्म्यावर बोलणी सुरू करायची, सिलिंडर जुनं असेल तर नव्या सिलिंडरची किंमत वजा, ग्रिप दुसऱ्याच्या हाताची असेल तर तीही वजा. विकणारे वडील असतील तर फार ताणू नका, त्यांनी खूप घातलेले असतात.

आता माझं एक काम. आमच्या शेडमध्ये अशोक चौकातली एक मुलगी येते, डावखुरी आहे. सध्या उजव्या हाताच्या ग्रिपला टेप गुंडाळून खेळते आणि तरी माझ्यापेक्षा बरं खेळते. कुणाकडे एलपी टेनची डाव्या हाताची एस ग्रिप पडून असेल, घासलेली असली तरी चालेल, तर कळवा. पिस्तूल मिळालंय, मूठच मिळत नाहीये.