चोर्ल्याच्या वाटेवर उलटी बॅटरी

रात्री कोबी भरून बेळगावहून चोर्ला घाटानं गोव्यात म्हापशाला निघणार असाल आणि त्याच दिवशी पिकअपची बॅटरी बदलली असेल, तर दुकानातच बॉनेट उघडून बघा. मी बघितलं नाही आणि कणकुंबीच्या अलीकडे पावसात, मोबाईलच्या उजेडात बघत बसलो.

झालं असं की जुनी बॅटरी बसली होती, सकाळी नुसती टक टक करायची. तिच्यावर 80 डी 26 आर असं लिहिलेलं. दुकानदार म्हणाला ही सध्या नाही, हीच घ्या, एकच आहे की हो. एकच कसली, ती डी 26 एल! 26 म्हणजे साधारण 26 सेंमी लांबी, डी म्हणजे डब्याच्या रुंदी-उंचीचं ठरलेलं माप, तेवढं जुळत होतं म्हणून ट्रेमध्ये बसली पण बरोबर. टर्मिनल, म्हणजे वायरी लावायच्या खुंट्या, आपल्याकडे धरून बघितलं तर आरमध्ये पॉझिटिव्ह डावीकडे असतं, एलमध्ये उजवीकडे, म्हणजे आमची पॉझिटिव्ह वायर पोचेचना. मग साहेबांनी बॅटरी फिरवून बसवली आणि वायर डब्यावरून ताणून लावली. वर फिटिंगचे 300, आणि जुन्या बॅटरीचे पैसे मागितले तर म्हणे दुसऱ्या दुकानात देतात, आमच्यात नाही.

जांबोटीपर्यंत सगळं मस्त, सांगण्यासारखं काही नाही. त्याच्या पुढे खड्डे सुरू झाले आणि हेडलाईट लुकलुकायला लागले, मला वाटलं बल्ब, चुलतभाऊ म्हणाला दादा गाडी थांबव, पण थांबवायच्या आधी तीच थांबली. बॉनेट उघडलं तर ताणलेल्या पॉझिटिव्ह वायरचा क्लॅम्प सैल होऊन वर आलेला, आणि बॅटरी दाबून धरणाऱ्या लोखंडी पट्टीवर काळा डाग, ठिणगी उडाल्याचा. पट्टी आणि पॉझिटिव्ह यांच्यात बोटभर पण जागा नव्हती. अंगावर काटा आला, खरं सांगतो.

दहा नंबरचा पाना होता म्हणून वाचलो. आधी निगेटिव्ह काढली, पॉझिटिव्ह घट्ट केली, त्याच्यावर जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून ताडपत्रीच्या दोरीनं बांधला, शेवटी निगेटिव्ह लावली. हाच क्रम ठेवा, उलटं करून पाना बॉडीला लागला तर तिथंच शॉर्ट. घाट उतरलो, माल उशिरा पोचला, दर पडला.

परत आल्यावर बेळगावात तिसऱ्या दुकानात आर मिळाली. पहिल्यानं डी 31 दाखवली, जास्त ताकद म्हणे, पण ती जवळपास 31 सेंमी लांब, आमच्या ट्रेमध्ये कुठं बसणार? दुसरा डिन साईज, म्हणजे युरोपियन मापाची, देत होता, तिचा डबा बुटका, तिला पट्टी धरत नाही. तिसऱ्यानं काही न बोलता मोजायचा टेप लावला, जुनीचे पैसे वजा केले, वॉरंटी कार्डावर तारीख घालून शिक्का मारला, आणि इंजिन चालू करून मीटरवर 14.1 व्होल्ट दाखवले. 13.8 ते 14.4 च्या आसपास आलं की अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा, ठीक समजा, 13 च्या खाली दिसलं तर नवीन बॅटरीत पैसे घालायच्या आधी तो तपासा.

जुन्या लेबलचा फोटो आणि ट्रेचं माप मोबाईलमध्ये ठेवा, आणि फिरवून बसवतो म्हणणाऱ्याकडून सरळ उठून या. ती एल बॅटरी अजून घरात पडलीय, कुणाच्या गाडीला एल लागत असेल तर सांगा, फिटिंगचे पैसे घेणार नाही.