डागडुजीची डागडुजी

जुनं घर दुरुस्तीला काढलं की थोड्याच दिवसांत ध्यानात येतं, मूळ घराला फारसं काही झालेलं नसतंच. बिघडलेली असते ती मधल्या काळात कुणीतरी हौसेनं, पदरमोड करून केलेली दुरुस्ती. आमच्याकडे निम्म्याहून जास्त काम हे काढण्याचंच निघालं. सिमेंट काढा, ऑइलपेंट काढा, कौलांवरचं डांबर काढा, छताचं प्लायवूड काढा. घर बांधून पाहावं म्हणणाऱ्यांनी घर सोलूनही पाहावं असं का म्हणून ठेवलं नाही, कोण जाणे.

घर सासरचं, राजापूर तालुक्यातलं. जांभ्याचे चिरे, चुन्यातलं बांधकाम, वर मंगलोरी कौलं. पडवी, ओटी, माजघर, मागे स्वयंपाकघर. आजेसासऱ्यांनी बांधलेलं. नवऱ्याचं काम लॅपटॉपवर चालतं, माझ्या शिकवण्या ऑनलाइन, म्हणून आम्ही पुण्याहून इथे आलो. सासूबाई इथेच होत्या, त्यांना मी आई म्हणते. आधी एक कंत्राटदार येऊन गेले. भिंतीवर दोन टिचक्या मारल्या, वर एकदा पाहिलं आणि म्हणाले, "वहिनी, यात पैसे घालू नका. पाडा नि स्लॅब टाका." त्यांना चहा दिला आणि वाटेला लावलं. चुन्याचं काम येणारा गवंडी शोधला तर पंचक्रोशीत एकच सापडले, सत्तरी ओलांडलेले. घमेलं उचलणार नाहीत, पण खुर्ची टाकून सांगायला तयार. म्हणजे हात आमचे आणि तोंड त्यांचं. असा संसार सुरू झाला.

पहिली भिंत ओटीची. पिस्ता रंगाचा ऑइलपेंट, खाली सिमेंटचा गिलावा. कमरेइतक्या उंचीपर्यंत फुगलेला, जागोजागी पापुद्रे सुटलेले. गवंडीकाकांनी बोटाच्या पेराने वाजवत जायला शिकवलं. चांगल्या जागी टणक, बुटका आवाज येतो, सुटलेल्या जागी पोकळ. खडूने पोकळ भागाची हद्द आखायची आणि छन्नी मधोमध न मारता त्या हद्दीवरून आडवी सरकवायची. चहाच्या ट्रेएवढा तुकडा एका ठोक्यात रंगासकट निघाला. त्याच्या पाठीवर पांढरा, कापसासारखा लोणा, म्हणजे ओलीबरोबर वर आलेले क्षार, आणि आतला चिरा ओला. बाहेर कडकडीत ऊन, पाऊस थांबून बरेच दिवस झालेले, तरी ओला.

कारण साधं आहे. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जांभा तो पितो, खालची जमीनही पाणी वर चढवते. चुन्याच्या गिलाव्यातून ही ओल हळूहळू हवेत निघून जाते. सिमेंट घट्ट, त्यावर ऑइलपेंट म्हणजे प्लास्टिकचा रेनकोटच. पाण्याला बाहेरची वाट बंद झाली की ते आतच राहतं. बरोबर आलेले क्षार गिलाव्याच्या पाठीमागे साठत जातात आणि एक दिवस त्याला ढकलून देतात. भिंत ओली दिसते म्हणून लोक वर आणखी सिमेंट थापतात. मग ओल आणखी वर चढते. आमच्या ओटीवर असे तीन थर निघाले.

हे सिमेंट लावलं नवऱ्याच्या काकांनी, अण्णांनी, १९८२ साली. छन्नी चालवताना मी त्यांच्या नावाने बरंच काही पुटपुटले. पण सासूबाईंनी एकदा त्या पोत्यांची हकीकत सांगितली आणि माझा सूर उतरला. तेव्हा सिमेंटवर सरकारी नियंत्रण होतं. परमिट काढा, खेपा घाला, वाट पाहा. सिमेंट वाटपाच्या प्रकरणावरूनच त्या वर्षी जानेवारीत बॅरिस्टर अंतुल्यांना मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं, म्हणजे ही वस्तू काय मोलाची असेल बघा. अण्णांनी कुठून तरी मोजकी पोती मिळवली, बोटीतून आणि मग डोक्यावरून घरी आणली. इतक्या कष्टाचा माल गोठ्याला कोण लावेल? तो लागला घरातल्या सगळ्यात मानाच्या भिंतीला, जिथे पाहुणा बसतो तिथे. चुना काय, गरिबाघरीही होता. आता ती भिंत सोलताना मी निदान तोंडाने गप्प असते.

चुन्याचं काम बाकी मजेचं. कोकणात पूर्वी शिंपले भाजून चुना करत. आम्हाला पोत्यातली कळी, म्हणजे न विझवलेला चुना, मिळाली. पाण्यात कळी सोडायची, कळीवर पाणी ओतायचं नाही. पिंप पत्र्याचं घ्यायचं, प्लास्टिकचं नाही. आणि डोळ्यांवर चष्मा. हे तीन नियम गवंडीकाकांनी एवढ्या वेळा सांगितले की आई देवापुढे बसल्याबसल्या म्हणायला लागल्या. कळी पडली की पाणी फुसफुसतं आणि खाली विस्तव नसताना खदखदा उकळायला लागतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी दोन पावलं मागे सरले. निवलं की खाली लोण्यासारखा गोळा बसतो. तो पाण्याखाली झाकून जितका मुरेल तितका चांगला. मग चाळलेली वाळू, हिरड्याचं पाणी, थोडा गूळ. तडे जाऊ नयेत म्हणून बारीक कातरलेला ताग. तंतू घालण्याची ही युक्ती फार जुनी. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे अंश सापडल्याचं संशोधन २०१६ साली प्रसिद्ध झालं होतं. गवंडीकाकांना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणून त्यांचा गिलावा इतकी वर्षं खुशीत बसलाय."

भिंत आधी भिजवायची, थर पातळ द्यायचा, वर ओलं गोणपाट टांगायचं आणि मग थांबायचं. थांबणं आम्हाला जमत नव्हतं. पुण्याची सवय, सकाळी काम काढलं की संध्याकाळी फोटो. मी दुसऱ्या दिवशी दुसऱ्या थराला थापी घेऊन उभी राहिले तर खुर्चीतून आवाज आला, "वहिनी, भिंत आहे ती. भजी नाहीत." सिमेंट पाण्याने घट्ट होतं, चुना हवेने. भट्टीत दगड किंवा शिंपला तापला की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो. विझवलेला चुना भिंतीवर बसला की हवेतला तोच वायू परत ओढून घेतो आणि पुन्हा दगड होतो. वरचा पापुद्रा लवकर धरतो, आतल्याला महिने लागतात. जांभ्याचीही तीच तऱ्हा. खाणीतून निघतो तेव्हा कुऱ्हाडीने तासता येईल असा मऊ, वाऱ्यावर राहिला की टणक.

या थांबण्याच्या काळात माझा ओव्हन सुरू झाला. खरं तर त्यामागे कलेपेक्षा विजेचा भाग जास्त होता. घरातली वायरिंग लाकडी पट्ट्यांतली, बटणं ती गोल, काळी, टक् वाजणारी. त्या कामाला आम्ही हात लावला नाही. विजेशी हौस करायची नसते. वायरमनने येऊन सगळं पाहिलं आणि तात्पुरता एकच जड पॉइंट माजघरात काढून दिला. तेव्हा एका वेळी एकच. ग्राइंडर चालू असेल तर ओव्हन बंद, ओव्हन चालू असेल तर ग्राइंडर बंद. नवरा दाराची चौकट घासायला निघाला की मी पीठ भिजवलेलं आहे असं जाहीर करायचे. कोण आधी प्लग खोचतं यावर दुपार ठरायची.

आणि दिवसभर जे काम संपत नाही ते करून झाल्यावर, पाऊण तासात संपणारं काही तरी हाताला लागतं. नानखटाईचा पत्रा आत गेला, वास सुटला, बाहेर आला, खाल्ला, मिटलं. लहानपणी दिवाळीआधी माझी आई तूप, मैदा, पिठीसाखर घेऊन बेकरीत जायची. तिथे गडी पीठ मळून देई आणि पत्र्यामागे भाजणावळ घेई. आपला पत्रा ओळखू यावा म्हणून आम्ही कडेला चिठ्ठी चिकटवायचो आणि तरी दुसऱ्याचीच नानखटाई घरी आल्याची शंका आई वर्षभर बाळगायची. सोड्याने केक फुगतो तेव्हा जो वायू सुटतो तोच चुना पितो, हे नवऱ्याला सांगितलं तर त्याने ओव्हन ओल्या भिंतीला लावून ठेवायची सूचना केली. शास्त्र कळलेल्या माणसाशी बोलण्यात अर्थ नाही.

पण या घराचं खरं भाजणं धोंडस, म्हणजे काकडीचा केक. पोटमाळ्यावरचं प्लायवूड काढायच्या आधी वाशांना टांगलेली पिकली तवशी, म्हणजे मोठाल्या काकड्या, उतरवावी लागली. केळीच्या सोपटात बांधलेली, पिवळीधमक, एकेक तान्ह्या बाळाच्या वजनाची. ती ठेवायची कुठे? म्हणून धोंडस. तांदळाचा रवा तुपावर भाजायचा, तवसं किसायचं, बिया काढायच्या पण सुटलेलं पाणी टाकायचं नाही. त्या पाण्यातच गूळ विरघळवून रवा शिजवायचा, वरून पाण्याचा थेंबही घालायचा नाही. ओलं खोबरं, वेलची, काजू. मिश्रण हाताला जड लागलं पाहिजे. आईंच्या काळी टोपात केळीचं पान, त्यावर हे, वर जाड झाकण, झाकणावर निखारे आणि खाली मंद विस्तव. ओव्हनमध्ये वर-खाली दोन्ही कॉइल लावल्या की काम होतं, असं माझं मत. आईंनी पहिली वडी मोडून पाहिली. "चव आहे गो. पण धुराचा वास कुठाय?" मग दुसरं धोंडस मागच्या पडवीत, रीतसर निखाऱ्यांवर झालं आणि मला मुकाट्याने खावं लागलं. चांगलं होतं, काय सांगू.

दारं फणसाच्या लाकडाची आहेत हे आम्हाला दार सोलल्यावर कळलं. चॉकलेटी, त्याखाली आकाशी, त्याखाली हिरवा, आणि नक्षीच्या खोबणीत कुणीतरी गुळगुळीत दिसावं म्हणून ठासून लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली. ती दाभणाने कोरत बसणं हे माझं आवडतं काम झालं. फक्त जुना ऑइलपेंट कोरडा घासायचा नाही. घरगुती रंगांतल्या शिशावर नव्वद पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत नव्वद भागांची, मर्यादा आली ती २०१७च्या नोव्हेंबरपासून. त्याआधीच्या रंगात काय असेल भरवसा नाही. म्हणून दार बिजागरीतून काढून मागच्या अंगणात न्यायचं, पाणी मारत घासायचं, तोंडाला मास्क. त्या दिवशी ओव्हनला सुट्टी.

कौलांचं आटोपशीर सांगते, कारण वर नवराच चढला. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने मंगळुरात १८६५ साली कौलांचा कारखाना काढला आणि पुढे त्याच घाटाची कौलं सगळ्या किनाऱ्यावर गेली. प्रत्येकाच्या पाठीवर कारखान्याचं नाव. आमच्या छपरावर चार-पाच नावं निघाली, फुटेल तसं मिळेल ते बसवलेलं. एका कारखान्याच्या कौलाची खाच दुसऱ्याच्या कौलात नीट बसत नाही, तेवढ्या फटीतून पाणी येतं, आणि ती फट बुजवायला डांबर. शेवटी सगळी उतरवली, वाजवून पाहिली, नावांप्रमाणे गठ्ठे लावले आणि छपराच्या एकेका उतारावर, पाखीवर, एकेक कारखाना बसवला. पहिल्या पावसात माजघर कोरडं राहिलं. सवयीने ठेवलेल्या बादल्या मात्र कुणी उचलेनात.

जुनं ते सगळं सोनं असं मला वाटत नाही. जुनं स्वयंपाकघर काळोखं होतं, धूर जायला वाट नव्हती, आणि तिथे राबणाऱ्या बायकांना कुणी विचारलं असेल असं त्या खिडकीच्या आकारावरून दिसत नाही. तिथे आम्ही बिनधास्त दोन खिडक्या फोडल्या आणि चार काचेची कौलं घातली. न्हाणीघर घराबाहेर होतं, ते आत घेतोय.

अडलं ते माजघराच्या भिंतीवर. तिथेही अण्णांचं सिमेंट आणि तोच पिस्ता. मी खडू घेऊन वाजवायला लागले तर आई म्हणाल्या, "ही नको." का, तर तो रंग त्यांच्या लग्नासाठी लावला होता. घरात सून येणार म्हणून अण्णांनी राजापूरहून डबे आणले आणि पेंटर न मिळाल्यामुळे स्वतः रात्री जागून दोन हात मारले. गवंडीकाकांना बोलावलं. त्यांनी खुर्ची न टाकता उभ्याउभ्या भिंत वाजवली. आतली भिंत, दोन्हीकडून कोरडी, लोणा नाही, कुठेही पोकळ नाही. "काय बिघडलंय हिचं?" ते म्हणाले. खरंच काही बिघडलेलं नव्हतं. साबणाच्या पाण्याने पुसून घेतली.

आता न्हाणीघर उरलंय. तिथे सिमेंट, वॉटरप्रूफिंग आणि टाइल्स, चुन्याचं नाव नाही, यावर खुर्चीतल्या माणसासकट सगळ्यांचं एकमत आहे. वाद आहे तो टाइल्सच्या रंगाचा. मला पांढऱ्या हव्यात, नवऱ्याला करड्या. आईंनी पिस्ता सुचवलाय.