टायसनच्या गुडघ्याचं ऑपरेशन

आमचा टायसन म्हणजे सहा वर्षांचा, खाऊन माजलेला लॅब्रेडॉर. मागचा उजवा पाय लंगडायला लागला. मुरगळला असेल म्हणून लातूरच्या डॉक्टरांनी दुखण्यावरच्या गोळ्या दिल्या. त्या संपल्या की पुन्हा लंगडणं. मग त्यांनीच उदगीरच्या पशुवैद्यक महाविद्यालयात पाठवलं. तिथं गुंगीचं इंजेक्शन देऊन एका हाताने मांडीचं हाड धरलं, दुसऱ्याने नडगी पुढं ओढली. टेबलाचा खण उघडावा तशी ती सरकली. गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं होतं. एवढ्या वजनाला 'टीपीएलओ' नावाची हाडाची शस्त्रक्रियाच बरी, पुण्यात सर्जनला दाखवा, म्हणाले.

यात तुटलेलं लिगामेंट शिवत नाहीत. कुत्र्याच्या नडगीचा माथा मागं उतरता असतो; पाय टेकला की मांडीचं हाड त्यावरून घसरतं. म्हणून माथ्याचा भाग गोल करवतीनं कापून फिरवतात, उतार जवळपास सपाट करतात आणि प्लेट बसवतात. खर्च ऐकून आबा म्हणाले, "एवढ्यात दुभती म्हैस येती की रं." पण टायसन झोपतो त्यांच्याच खाटेखाली. विषय तिथंच मिटला.

निघायच्या आधी रक्त तपासलं तर प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, लाखाच्या आत. गोचीड ताप! अंगावर एक गोचीड नाही, ताप नाही, खाणं दणक्यात. तरीही आजार होताच. अशा रक्तावर हाड कापायला कुठला सर्जन हात लावणार? डॉक्सीसायक्लिन महिनाभर चालली. गोळी दुधातून देऊ नका, औषध नीट लागू पडत नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. उकडलेल्या अंड्यात दाबून दिली, तर महाराज अंडं गिळून गोळी तेवढी फरशीवर ठेवायचे. शेवटी चिकनच्या तुकड्यात जमली. प्लेटलेट वर आल्यावरच तारीख मिळाली.

बार्शी-टेंभुर्णीवरून पुणे, रात्रीपासून उपाशी, सकाळी भूल, दुसऱ्या दिवशी परत. ऑपरेशन म्हणाल तर एवढंच.

खरी कसोटी घरी. जिना बंद, उडी बंद, सोफा बंद. गुळगुळीत फरशीवर पाय सटकू नये म्हणून घरातल्या होत्या नव्हत्या त्या सतरंज्या अंथरल्या. लघवीला नेताना पोटाखालून टॉवेल घालून मागचं धूड उचलायचं, आणि टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात घातलेली शंकूसारखी कॉलर दाराच्या चौकटीला धडकायची. टाके काढले तसा तो पळायला बघायला लागला. कुत्र्याला बरं वाटतं, पण हाड जुळलेलं नसतं. आठ आठवड्यांनी एक्स-रे पाहूनच सर्जनने फिरणं वाढवायला सांगितलं.

आता वजन उतरवायचंय, कारण अशा बऱ्याच कुत्र्यांचा पुढं दुसराही गुडघा जातो. पोळी बंद केली. आबांचा चहा-बिस्किटांचा कार्यक्रम मात्र चालूच आहे. बोललं की म्हणतात, "एका बिस्किटानं काय हुतंय? तू तुझं पोट बघ आधी."